आकड्यांमागचा प्रश्न : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

सांख्यिकी आणि संभाव्यता या विषयांतील शंका पाठवाव्यात, असे गेल्या अंकात सुचवले होते. आलेली बहुतेक पत्रे कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातील विद्यार्थ्यांची आहेत. काही पालकांची आहेत आणि एक पत्र दूध संस्थेत काम करणाऱ्या वाचकाचे आहे. सूत्र पाठ आहे, उदाहरण सुटते, गुणही मिळतात, परंतु आलेल्या उत्तराचा अर्थ विचारला तर सांगता येत नाही, ही तक्रार निरनिराळ्या शब्दांत बहुतेक पत्रांत आहे. त्यामुळे पुढील उत्तरांत सूत्रांना कमी जागा दिली असून, ती संज्ञा मुळात कोणत्या प्रश्नासाठी लागली हे सांगण्याकडे अधिक लक्ष दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

इयत्ता दहावीची विद्यार्थिनी, कागल : मध्य, मध्यक आणि बहुलक या तिन्हींना पुस्तकात केंद्रीय प्रवृत्तीची परिमाणे म्हटले आहे. एकाच माहितीचे केंद्र तीन ठिकाणी कसे असेल? वर्तमानपत्रात ‘सरासरी’ असे छापलेले असते तेव्हा यांपैकी काय समजायचे?

उत्तर : या गोंधळात थोडा दोष शब्दांचाही आहे. ‘मध्य’ म्हटले की कोणालाही ‘मधला’ असेच वाटते. प्रत्यक्षात जो खरोखर मधला असतो त्याला पाठ्यपुस्तक ‘मध्यक’ म्हणते आणि ‘मध्य’ हे नाव बेरजेला संख्येने भागून येणाऱ्या सरासरीला दिलेले आहे. शब्दांची ही निवड मला स्वतःला फारशी सोयीची वाटत नाही, पण ती आता रूढ झाली आहे.

नदीवरून पाणी उचलणाऱ्या एका लहान पाणीपुरवठा संस्थेचे नऊ सभासद आहेत असे समजा. त्यांची जमीन गुंठ्यांत अनुक्रमे १०, १५, १५, १५, ३०, ३५, ४०, ५० आणि २४० अशी आहे. एकूण जमीन ४५० गुंठे, म्हणून मध्य ५० गुंठे, म्हणजे सव्वा एकर. रांगेतला पाचवा सभासद ३० गुंठ्यांचा आहे, म्हणून मध्यक ३०. सर्वाधिक वेळा आलेली संख्या १५ आहे, म्हणून बहुलक १५. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण तिन्हींचे प्रश्न वेगळे आहेत. सगळी जमीन एकत्र करून नऊ जणांत सारखी वाटली तर प्रत्येकाला किती येईल, हा मध्याचा प्रश्न. जमिनीच्या क्रमाने सभासदांना रांगेत उभे केले तर मधोमध कोण, हा मध्यकाचा प्रश्न. आणि कोणत्या मापाची जमीन सर्वांत अधिक जणांकडे आहे, हा बहुलकाचा प्रश्न.

आता असे पाहा, की नवांपैकी सात सभासदांची जमीन मध्यापेक्षा कमी आहे आणि एकाची नेमकी तेवढी आहे. सहा एकरांच्या एकट्या सभासदाने मध्य आपल्याकडे ओढून घेतला आहे. उद्या त्याने आणखी जमीन घेऊन २४० ऐवजी ६०० गुंठे केले, तर मध्य ५० वरून ९० वर जाईल. मध्यक मात्र ३० वरच राहील, कारण रांगेच्या टोकाचा माणूस कितीही मोठा झाला तरी मधला माणूस बदलत नाही. संस्थेच्या पंपाला एकूण किती पाणी उचलावे लागेल याचा हिशेब करायचा असेल तर मध्यच उपयोगी, कारण त्याला सभासदसंख्येने गुणले की एकूण जमीन परत मिळते, आणि हा गुण मध्यकात नाही. पण ‘आमचा साधारण सभासद’ कसा आहे हे सांगायचे असेल, तर सव्वा एकर हा आकडा दिशाभूल करणारा ठरेल.

वर्तमानपत्रातील ‘सरासरी’ म्हणजे जवळजवळ नेहमी मध्य. पावसाळ्यात ‘जिल्ह्यात आज सरासरी इतके मिलिमीटर पाऊस’ अशी बातमी येते, तेव्हा बारा तालुक्यांचे आकडे एका आकड्यात मिसळलेले असतात. गगनबावड्यात सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळत असतो आणि त्याच दिवशी शिरोळच्या सपाटीवर जेमतेम भुरभुर झालेली असते. त्या दिवशीचा सरासरी आकडा ना गगनबावड्यात पडलेला असतो, ना शिरोळात. पुढच्या पावसाळ्यात एका आठवड्याचे तालुकावार आकडे वर्तमानपत्रातून उतरवून घ्या आणि प्रत्येक दिवसाचा मध्य आणि मध्यक दोन्ही काढा. बारा ही सम संख्या असल्यामुळे मधले दोन आकडे घेऊन त्यांची सरासरी करावी लागेल. मध्य मध्यकापेक्षा किती वर जातो, यावरून पाऊस पश्चिमेच्या काही तालुक्यांतच साचला होता की सगळीकडे होता, हे नकाशा न पाहताही समजेल.

दूध संस्थेतील कर्मचारी, पन्हाळा तालुका : एका सभासदाच्या म्हशीचे दूध सकाळी १२ लिटर, फॅट ६.२, आणि संध्याकाळी ८ लिटर, फॅट ७.२ असे लागले. त्याच्या मते दिवसाची सरासरी फॅट ६.७ होते. मी ६.६ सांगितली, पण ती का, हे त्याला पटवून देता आले नाही.

उत्तर : आपला आकडा बरोबर आहे. सभासदाने ६.२ आणि ७.२ यांची बेरीज करून दोनाने भागले, म्हणजे सकाळच्या आणि संध्याकाळच्या दुधाला सारखेच वजन दिले. कॅनमध्ये मात्र दोन्ही वेळचे दूध सारखे नाही. कमी फॅटचे दूध जास्त आहे. त्याला असे सांगून पाहा, की आकडे बाजूला ठेवू आणि दोन्ही वेळचे दूध एकाच कॅनमध्ये ओतू. बारा लिटरला ६.२ ने गुणले की ७४.४, आठ लिटरला ७.२ ने गुणले की ५७.६, दोन्हींची बेरीज १३२, आणि तिला २० लिटरने भागले की ६.६. याला भारित मध्य म्हणतात. (काटेकोरपणे फॅटची टक्केवारी वजनावर असते, मापावर नव्हे, परंतु दोन्ही वेळच्या दुधाची घनता जवळपास सारखीच असल्याने येथे फरक पडत नाही.)

टक्केवारीची सरासरी करताना हीच चूक सर्वत्र होते. एका शाळेचे २० पैकी २० विद्यार्थी उत्तीर्ण झाले आणि दुसऱ्या शाळेचे १८० पैकी १४४, म्हणजे ८० टक्के, तर दोन्ही शाळांचा मिळून निकाल ९० टक्के लागत नाही. २०० पैकी १६४, म्हणजे ८२ टक्के लागतो.

आपल्या जिल्ह्यात ही चूक पैशांत मोजता येते. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यावयाचा किमान दर, साखर उताऱ्याशी, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेच्या टक्केवारीशी, बांधलेली असते. २०२४-२५ च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये, आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्यासाठी ३ रुपये ३२ पैसे अधिक, अशी होती. आता एक काल्पनिक कारखाना घेऊ. त्याने सुरुवातीला १ लाख टन ऊस १०.८ टक्के उताऱ्याने गाळला आणि नंतर, ऊस पक्व झाल्यावर, ३ लाख टन १२ टक्के उताऱ्याने गाळला. दोन उताऱ्यांची साधी सरासरी ११.४ येते, गाळपाचे वजन लावून काढलेली सरासरी ११.७ येते. फरक ०.३ चा, म्हणजे क्विंटलला ९ रुपये ९६ पैसे आणि टनाला ९९ रुपये ६० पैसे. ज्याचा शंभर टन ऊस गेला आहे त्याला भारित मध्याची व्याख्या पुन्हा सांगावी लागणार नाही.

इयत्ता दहावीचा विद्यार्थी, कोल्हापूर शहर : गृहीतमध्य पद्धतीत आपण मध्य आधीच ‘गृहीत’ धरतो. जे शोधायचे तेच गृहीत धरले तर उत्तर बरोबर कसे येते? माझ्या मित्राने वेगळा गृहीतमध्य घेतला, तरी त्याचे उत्तर माझ्याइतकेच आले.

उत्तर : ही पद्धत मला पुस्तकात नव्हे, गुळाच्या बाजारात समजली. मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी तीस किलोच्या रव्यांचे, म्हणजे गुळाच्या ढेपांचे, वजन चालले होते. काट्यापाशी उभा असलेला तोलाईदार पूर्ण आकडा उच्चारतच नव्हता. तो म्हणे, ‘दोनशे वर’, ‘शंभर कमी’, ‘बरोबर’, ‘तीनशे वर’. लिहिणाराही तेवढेच लिहून घेत होता. दोघांनीही तीस किलो मनात धरले होते आणि त्यांच्या दृष्टीने प्रत्येक रव्याची बातमी म्हणजे त्या तिसापासूनचा फरक, एवढीच होती.

दहा रव्यांचे फरक ग्रॅममध्ये अधिक २००, उणे १००, ०, अधिक ३००, उणे २००, अधिक १००, अधिक ४००, उणे १००, ० आणि अधिक ४०० असे आहेत असे धरू. त्यांची बेरीज १,००० येते आणि दहाने भागले की सरासरी फरक १०० ग्रॅम. म्हणून रव्याचे सरासरी वजन ३० किलो १०० ग्रॅम. तीस किलो हे उत्तर म्हणून धरलेले नव्हते. ते केवळ मोजणीला सुरुवात करण्याचे ठिकाण होते. तुमच्या मित्राने २९ किलोपासून मोजायला सुरुवात केली असती, तर प्रत्येक फरक एका किलोने वाढला असता, सरासरी फरक १,१०० ग्रॅम झाला असता आणि २९ मध्ये तो मिळवला की पुन्हा ३० किलो १०० ग्रॅमच. सुरुवात जेवढी मागे न्याल, तेवढाच फरक पुढे वाढतो. ‘गृहीतमध्य’ हे नाव त्यामुळे काहीसे फसवे आहे.

मध्यप्रमाण विचलन पद्धत याच्यापुढची एक पायरी आहे. वरचे सगळे फरक शंभराच्या पटीत आहेत, म्हणून प्रत्येकाला शंभराने भागून २, उणे १, ०, ३ असे लहान आकडे घ्यायचे, त्यांची सरासरी काढायची आणि शेवटी तिला शंभराने गुणायचे. येथे सरासरी १ येते, म्हणून फरक १०० ग्रॅम. परीक्षेत जे विद्यार्थी शेवटी गुणायला विसरतात त्यांचे उत्तर येथे ३० किलो १ ग्रॅम असे येईल. त्याच क्षणी फरकांच्या रांगेवर पुन्हा एक नजर टाकली तर चूक लगेच दिसते.

इयत्ता नववीची विद्यार्थिनी, गारगोटी : १०-२० आणि २०-३० असे वर्ग असतील तर २० हा प्राप्तांक कोठे लिहायचा?

उत्तर : २०-३० मध्ये. ही असमावेशक पद्धत आहे आणि तिच्यात वरची मर्यादा त्या वर्गात धरत नाहीत. ११-२०, २१-३० अशा समावेशक पद्धतीत २० हा ११-२० मध्ये जातो. मात्र आयतालेख काढायचा असेल तर ते वर्ग १०.५-२०.५, २०.५-३०.५ असे सलग करून घ्यावे लागतात, कारण आयतालेखातील आयतांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत. वयाच्या बाबतीत मात्र हा अर्ध्याचा नियम डोळे झाकून लावू नये. चौदा वर्षे अकरा महिन्यांची मुलगी आपले वय चौदाच सांगते, म्हणून पूर्ण झालेल्या वर्षांत नोंदवलेला १०-१४ हा वयोगट सलग करताना ९.५-१४.५ होत नाही, १०-१५ होतो.

पालक, जयसिंगपूर : मुलीला सीईटीत ९२ पर्सेंटाइल मिळाले. म्हणजे ९२ टक्के गुण ना?

उत्तर : नाही. टक्के गुण हे पेपरशी तुलना करतात, पर्सेंटाइल म्हणजे शतमक इतर परीक्षार्थींशी तुलना करते. आपल्या मुलीने ज्या सत्रात परीक्षा दिली त्या सत्रातील सुमारे ९२ टक्के परीक्षार्थींना तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी गुण आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पेपर अवघड असेल तर निम्मे गुण मिळवूनही ९२ पर्सेंटाइल मिळू शकते आणि सोपा असेल तर ऐंशी टक्के गुण मिळवूनही मिळणार नाही. परीक्षा अनेक सत्रांत वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांवर होते, म्हणूनच ही व्यवस्था आहे. मध्यक हाही एक शतमकच आहे, पन्नासावा.

बारावीचा विद्यार्थी, इचलकरंजी : प्रमाण विचलन काढताना फरकांचे वर्ग का करायचे? फरकांची सरळ सरासरी का नाही? आणि वर्गच केला, तर शेवटी वर्गमूळ घेऊन तो उलट का करायचा?

उत्तर : हा प्रश्न मला विद्यार्थिदशेत पडला होता आणि तेव्हा मिळालेले उत्तर ‘ऋण चिन्ह घालवण्यासाठी’ एवढेच होते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे.

तुमच्या गावातलेच उदाहरण घेऊ. दोन यंत्रमागांचे पाच दिवसांचे कापड मीटरमध्ये असे आहे : पहिल्या मागावर ३८, ३९, ४०, ४१, ४२ आणि दुसऱ्या मागावर ३०, ३५, ४०, ४५, ५०. दोन्हींचा मध्य ४०, दोन्हींचा मध्यकही ४०. सरासरीच्या भाषेत बोलायचे तर दोन्ही माग सारखे आहेत, परंतु रोजच्या रोज ठरलेला माल द्यायचा असेल तर कोणताही यंत्रमागधारक पहिल्या मागावरच विसंबेल. हा जो फरक आहे, त्याला आकडा द्यायचा आहे.

सरळ फरकांची सरासरी चालत नाही, कारण मध्यापासूनच्या फरकांची बेरीज नेहमीच शून्य येते; मध्याची व्याख्याच तशी आहे. पहिल्या मागाचे फरक उणे २, उणे १, ०, १, २, बेरीज शून्य, दुसऱ्याचेही तसेच. मग चिन्हे सोडून केवळ अंतरे घेतली तर? तेही करता येते. त्याला माध्य विचलन म्हणतात आणि ते पहिल्या मागाला १.२ आणि दुसऱ्याला ६ येते. म्हणजे ऋण चिन्ह घालवणे हाच हेतू असता, तर वर्ग करण्याची गरज नव्हती.

वर्ग करण्याची खरी कारणे दोन आहेत. पहिले असे, की वर्ग आणि मध्य यांची जोडी जमते. कोणत्या संख्येपासून फरक मोजले तर फरकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी येईल, असे विचारले तर उत्तर मध्य असे येते. कोणत्या संख्येपासून मोजले तर केवळ अंतरांची बेरीज सर्वांत कमी येईल, असे विचारले तर उत्तर मध्यक असे येते. ज्याने केंद्र म्हणून मध्य निवडला, त्याने पसारा मोजायला वर्ग निवडणे सुसंगत आहे. दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. दोन गोष्टींचा एकमेकींवर परिणाम होत नसेल, तर त्यांच्या बेरजेचे प्रचरण, म्हणजे मध्यापासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी, ही दोघींच्या प्रचरणांच्या बेरजेइतकी असते. पहिल्या मागाचे प्रचरण (४ + १ + ० + १ + ४) भागिले ५, म्हणजे २, दुसऱ्याचे ५०. दोन्ही माग स्वतंत्रपणे चालत असतील तर दोघांच्या मिळून होणाऱ्या दैनंदिन कापडाचे प्रचरण ५२. प्रमाण विचलनांची मात्र अशी सरळ बेरीज होत नाही, आणि माध्य विचलनांचीही होत नाही. प्रचरणांच्या या बेरजेवर पुढच्या सांख्यिकीचा फार मोठा भाग उभा आहे.

वर्गमूळ कशासाठी, याचे उत्तर सोपे आहे. प्रचरण ५० म्हणजे पन्नास काय? मीटर गुणिले मीटर. ते कापडाचे क्षेत्रफळ तर नक्कीच नाही. यंत्रमागधारकाला मीटरमध्ये सांगायचे असेल तर वर्गमूळ घेऊन परत मीटरवर यावे लागते : पहिल्या मागाचे प्रमाण विचलन सुमारे १.४१ मीटर, दुसऱ्याचे सुमारे ७.०७ मीटर. प्रमाण विचलनाचे इंग्रजी नाव कार्ल पिअर्सन यांनी १८९० च्या दशकात रूढ केले. कल्पना त्याआधीपासून वापरात होती.

तुमच्या पत्रात आणखी एक ओळ होती, की कॅल्क्युलेटरवर दुसऱ्या मागाचे उत्तर ७.०७ ऐवजी ७.९१ आले. कॅल्क्युलेटर बिघडलेला नाही. त्याने पाचाऐवजी चाराने भागले आहे. तुमच्याजवळ असलेले पाच दिवस हीच संपूर्ण माहिती असेल तर पाचाने भागावे; ते पाच दिवस हा वर्षभराच्या कामाचा नमुना असेल आणि त्यावरून वर्षाचा अंदाज करायचा असेल तर एकाने कमी करून भागावे. नमुन्यातील फरक आपण नमुन्याच्याच मध्यापासून मोजतो आणि तो मध्य नमुन्याला सोयीचा असल्याने पसारा खऱ्यापेक्षा थोडा लहान दिसतो. एकाने कमी भागून ती घट भरून काढली जाते. परीक्षेत मात्र पुस्तकात जे सूत्र दिले असेल तेच वापरा.

बी.एस्सी. प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, गडहिंग्लज : ‘यादृच्छिक नमुना’ म्हणजे मनाला येईल तसा निवडलेला नमुना, असे आमच्यातील बरेच जण समजतात. हे बरोबर आहे का?

उत्तर : शब्दाची फोड ‘इच्छेप्रमाणे’ अशी दिसते, पण अर्थ जवळजवळ उलटा आहे. यादृच्छिक निवडीत निवडणाऱ्याच्या इच्छेला जागाच ठेवलेली नसते. पीक कापणी प्रयोगाची पद्धत पाहिली की हे लक्षात येते. गावातील भाताचे उत्पादन ठरवण्यासाठी काही शेते निवडायची आणि प्रत्येक शेतातील ठरावीक मापाच्या एका तुकड्यातील पीक कापून, मळून, त्याचे वजन करायचे असते. तुकडा कोणता, हे शेतावर गेलेल्या माणसावर सोडले तर तो नकळत चांगले तरारलेले पीक निवडेल किंवा, मनात दुष्काळी मदत असेल तर, मार खाल्लेले. म्हणून शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून किती पावले लांबीच्या बाजूने आणि किती रुंदीच्या बाजूने जायचे, हे आधीच यादृच्छिक संख्यांच्या कोष्टकावरून ठरवतात. तुकडा पाणथळ जागी आला तरी तो बदलायचा नसतो. प्रत्येक ठिकाणाला निवडले जाण्याची आधीपासून माहीत असलेली संधी मिळते, आणि त्या संधीच्या आधारेच अंदाजात किती चूक असू शकेल हेही सांगता येते.

भारतात ही पद्धत १९४० च्या दशकात शास्त्रशुद्ध पायावर उभी करणाऱ्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव अग्रभागी आहे. ते शेजारच्या सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. आणि कोल्हापूरचे म्हणायचे तर वसंत शंकर हुजूरबाजार यांचे नाव आपल्या महाविद्यालयातील फलकावर असायला हरकत नाही : केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्याकडे संशोधन केलेले, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे १९५३ पासूनचे पहिले प्रमुख आणि १९७४ चे पद्मभूषण. जयंत नारळीकर यांचे ते मामा, हे अनेकांना ठाऊक असते; त्यांचे स्वतःचे काम काय होते हे फार थोड्यांना.

वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर : २०१९ साली आमच्या घरात पाणी आले तेव्हा ‘असा पूर शंभर वर्षांतून एकदाच येतो’ असे ऐकले आणि आम्ही निश्चिंत झालो. २०२१ साली पुन्हा आले. संभाव्यतेचे हे गणित चुकीचे आहे का?

उत्तर : गणित नव्हे, ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे त्याचे भाषांतर चुकीचे आहे. त्यातून असे ध्वनित होते, की एकदा पूर येऊन गेला की पुढची नव्याण्णव वर्षे सुटका. प्रत्यक्षात ते विधान असे असते, की अमुक पातळीचा पूर येण्याची संभाव्यता कोणत्याही एका वर्षी १ टक्का आहे. नदीला गेल्या वर्षीचे स्मरण नसते; नाण्यावर सलग चार वेळा छापा आला म्हणून पाचव्या वेळी काट्याची संधी वाढत नाही, तसेच हे. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत या स्वतंत्र घटना आहेत.

आता गणित करून पाहू. एखाद्या वर्षी असा पूर न येण्याची संभाव्यता ०.९९. तीस वर्षे एकदाही न येण्याची संभाव्यता ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ०.७४. म्हणून तीस वर्षांत निदान एकदा येण्याची संभाव्यता सुमारे २६ टक्के. तीस वर्षांचे गृहकर्ज घेऊन घर बांधणाऱ्यासाठी ही शंभरात एक अशी गोष्ट राहत नाही, चारात एक होते. आणि पूर्ण शंभर वर्षे घेतली तरी तो येईलच असे नाही. निदान एकदा येण्याची संभाव्यता सुमारे ६३ टक्के भरते.

आपल्या शंकेचा दुसरा भाग मात्र अधिक गंभीर आहे. खरोखरच दर वर्षी १ टक्का संधी असेल, तर कोणत्याही तीन वर्षांत असे दोन किंवा अधिक पूर येण्याची संभाव्यता दहा हजारांत सुमारे तीन इतकीच येते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि २०२१ साली ५६ फुटांच्या वर. इतकी दुर्मीळ मानलेली गोष्ट इतक्या लवकर दोनदा घडली तर दोन शक्यता उरतात : एक तर विलक्षण योगायोग, किंवा १ टक्का हे गृहीतकच कमी धरलेले. सांख्यिकीची शिस्त अशा वेळी दुसऱ्या शक्यतेकडे आधी पाहायला सांगते. जुन्या नोंदींवरून काढलेली संभाव्यता पाऊस, नदीपात्र आणि काठावरची बांधकामे पूर्वीसारखीच आहेत असे धरून चालते. त्यांपैकी काही बदलले असेल तर जुना आकडा आजच्या नदीचा राहत नाही.

आपल्या घरापुरता उपयोगी आकडा हवा असेल तर तो असा काढता येईल. पाणी आपल्या उंबऱ्याला लागते त्या वेळी बंधाऱ्यावर किती फूट पातळी असते, हे एकदा नोंदवून ठेवा. गल्लीतील जुन्या माणसांना ते बहुधा तोंडपाठ असेल. मग गेल्या तीस-चाळीस वर्षांत किती वर्षी पातळी त्याच्यावर गेली हे जुन्या वर्तमानपत्रांतून मोजा आणि त्या संख्येला एकूण वर्षांनी भागा. एका वर्षात पाणी तीनदा चढले असले तरी ते एकच वर्ष धरायचे. येणारे उत्तर म्हणजे आपल्या उंबऱ्याची सापेक्ष वारंवारता. ते काढताना पहिली पंधरा-वीस वर्षे आणि नंतरची वर्षे यांचा भागाकार वेगवेगळा करून पाहा आणि दोन्ही आकडे आम्हाला कळवा; पुढच्या अंकात त्यांवर लिहिता येईल.